पान्हा आटलेला नाही, अडलाय

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका पहिलटकरणीचा आहे. सिझेरियन झालं, बाळ आज २४ दिवसांचं, मुक्काम माहेरी. जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम, सातव्या दिवशी २ किलो ६८०, एकविसाव्या दिवशी ३ किलो. शेवटची दोन्ही वजनं आशाताईंनी घरी येऊन केलेली. ‘दूध आलं नाही’ म्हणून दवाखान्यातच डब्याचं दूध सुरू झालं, ते अजून दिवसातून तीनदा, ६०-६० मिलि, बाटलीने चालू आहे. पंप लावला तर २० मिलिच्या वर निघत नाही. छाती पहिल्यासारखी भरून येत नाही. संध्याकाळी बाळ सोडतच नाही, रडतं. सासूबाई म्हणतात हिला दूधच नाही, आई रोज अळिवाची खीर करते. आता दूध वाढायला अजून काय खाऊ?

माझी तीसेक वर्षं मिरज-सांगलीकडच्या बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं-तुगंच करते. खाण्याचं शेवटी बोलू, कारण त्याचा नंबर खरंच शेवटून आहे. आधी तू दिलेल्या आकड्यांवरच हिशेब करू.

सातव्या ते एकविसाव्या दिवसात बाळ ३२० ग्रॅमने वाढलं. चौदा दिवसांत ३२०, म्हणजे रोजचे साधारण २३ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली धरतात. बाळ वाढतंय. आता पुढचं बघ. या वयाच्या बाळाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलि दूध लागतं, म्हणजे तीन किलोला ४५० मिलि. त्यातलं डब्याचं १८०. मग उरलेलं २७० मिलि आलं कुठून? नळातून तर नाही आलं. निम्म्याहून जास्त दूध आजही तुझ्याच अंगावरचं आहे आणि घरात सगळे म्हणतायत हिला दूधच नाही.

हिशेब ढोबळ आहे, मान्य. पण पंपाच्या २० मिलिपेक्षा खरा आहे. पंपात किती निघालं यावर छातीत किती आहे हे कळत नाही. नीट चोखणारं बाळ पंपापेक्षा कितीतरी चांगलं दूध काढतं. त्यात कप स्तनाच्या मापाचा नसला, बाळाला पाजून अर्ध्या तासात पंप लावला, शेजारी कुणी बाटलीच्या रेघांकडे डोळे लावून बसलं, की २० मिलि येणारच. तेवढं निघालं तर मी म्हणते, बरं निघालं.

छाती भरून येत नाही हेही दूध आटल्याचं लक्षण नाही. पहिल्या आठवड्यात जो दगडासारखा कडकपणा असतो तो नुसत्या दुधाचा नसतो, सूज आणि रक्तपुरवठाही असतो. दोन-तीन आठवड्यांनी तो उतरतो, शरीर मागणीप्रमाणे दूध करायला शिकतं. मऊ छातीतूनही बाळाचं पोट भरतं. आणि संध्याकाळचं रडणं? सहा ते दहाच्या मधे जवळजवळ सगळीच तान्ही बाळं अशी दर वीस मिनिटांनी मागतात. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास तर दोन-तीन दिवस अगदी उच्छाद मांडतात. तुझं बाळ नेमकं तिथेच आहे. नेमक्या याच वेळी घराघरांत बाटली पुढे होते.

खरी खूण लंगोटात असते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, रंग फिका. शी पिवळी, पातळसर. ही मोजणी तू लिहिलेली नाहीस, आजपासून वहीत लिही. डायपर असेल तर चार दिवस काढून ठेव, जुन्या सुती साडीचे लंगोट वापर. डायपरमध्ये किती वेळा झाली ते कळत नाही.

थोडक्यात, थोडं कमी पडतंय हे खरं, आटलेलं नाही. आता ते वाढवायचं.

तुझं सासर पलूसकडचं, गोठ्यात दोन म्हशी आहेत असं लिहिलंयस. राग मानू नकोस, पण दुधाचं शास्त्र सासूबाईंना डॉक्टरांइतकंच कळतं, फक्त त्यांनी ते सुनेला लावून पाहिलेलं नाही. त्यांना विचार: एक वेळची धार चुकवली तर काय होतं? आठवडाभर रोज अर्धीच धार काढली तर? म्हैस आटते. आमोणात सरकी कितीही घाला, कास रिकामी होत नसेल तर दूध टिकत नाही. बाईचं तसंच आहे. दूध छातीत साचून राहिलं की त्यातलाच एक घटक दूध बनवणाऱ्या पेशींना ‘पुरे’ म्हणून सांगतो. छाती रिकामी झाली की तो अडसर निघतो आणि पेशी जोमाने कामाला लागतात. डब्याच्या प्रत्येक ६० मिलिमागे तुझ्या छातीत तेवढं दूध न मागितलेलं राहतं. दिवसातून तीनदा तू शरीराला कळवतेस की एवढं नको.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. म्हशीची धार काढायला बसलं की आधी रेडकू सोडतात, ते ढुशा देतं, मग ती पान्हा सोडते. अनोळखी माणूस बसला, कुत्रं भुंकलं, की पान्हा चोरते. कासेत दूध असतं, खाली येत नाही. दूध बनवणारं संप्रेरक वेगळं, प्रोलॅक्टिन. आणि बनलेलं दूध पुढे ढकलणारं वेगळं, ऑक्सिटोसिन. (गोठ्यात काही लोक चोरून जे ‘पान्ह्याचं इंजेक्शन’ मारतात ते हेच ऑक्सिटोसिन. तसं करायला कायद्याने बंदी आहे, तरी चालतं.) बाईला भीती, दुखणं, अपमान यांनी पान्हा अडतो. टाके दुखत असताना, दारात उभं राहून कुणी ‘येतंय का गं?’ विचारत असताना येणारं दूधही येत नाही. म्हणून पाजण्याआधी दुखण्याची डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन ठेव. बाळाला अंगावरचे कपडे काढून उघड्या छातीवर अर्धा तास घे, वरून दोघांवर पांघरूण. पाठीला, खांद्याच्या पात्यांमध्ये कुणाकडून तरी हलक्या मुठीने चोळून घे. आणि दार लावून घे.

आता पाजणं. वॉर्डात ‘दूध कमी’ म्हणून आलेल्या दहांतल्या सहा-सात जणींचं बाळ बोंडी नुसती ओठात धरून बसलेलं असायचं. हा माझ्या नजरेचा अंदाज आहे, कुठल्या अभ्यासाचा आकडा नाही. बोंडी चोखून दूध येत नाही. दूध येतं बोंडीभोवतीचा काळसर भाग बाळाच्या तोंडात जाऊन जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबला गेला की. बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. बोंडी त्याच्या नाकासमोर धर आणि वाट बघ. जांभईएवढं तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आण. छाती वाकवून बाळाकडे नेलीस तर तुझी पाठ जाईल आणि पकडही बसणार नाही. पकड बसली की हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग खाली कमी, वर जास्त दिसतो. गालांना खळ्या पडत नाहीत. आधी भराभर चोखतं, मग लय संथ होते आणि दर एक-दोन चोखण्यांमागे घोट गिळल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकायला शीक. घड्याळातल्या पंधरा मिनिटांपेक्षा त्याला किंमत आहे. सोडल्यावर बोंडी नव्या लिपस्टिकसारखी तिरपी, चपटी दिसली किंवा दुखली तर पकड चुकली. करंगळी कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. दहादा लावावं लागलं तरी दहादा.

सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचा भार नको असेल तर त्याला बगलेखाली घे, पाय तुझ्या पाठीकडे, डोकं तळहातावर. किंवा कुशीवर झोपून पाज. ‘आडवं पाजलं की कानात दूध जातं’ हे तुझी आई म्हणेलच. पकड नीट असेल तर जात नाही. फक्त गादी घट्ट हवी, उश्या-दुलया बाळाच्या तोंडाजवळ नकोत, आणि पाजताना डोळा लागेल असं वाटलं तर शेजारी कुणीतरी जागं हवं.

बाळ घोट घ्यायचं थांबून नुसतं चाळा करायला लागलं की छाती चारही बोटं आणि अंगठ्यामध्ये हलकी दाबून धर. घोट परत सुरू होतात. थांबले की सोड, पुन्हा दाब. एक बाजू अशी रिकामी झाली की दुसरी दे. मग हवं तर परत पहिली. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, आणि त्यातल्या निदान दोन रात्रीच्या. रात्री प्रोलॅक्टिन चढं असतं, पहाटेच्या पाजण्याने मिळणारं दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. ‘बाळंतिणीला झोपू दे, रात्रीचं डब्याचं आम्ही पाजतो’ ही माया सगळ्यात महाग पडते. झोप हवीच, पण ती दिवसा बाळाबरोबर मिळवायची. पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा.

इथे आपल्याकडच्या एका पद्धतीबद्दल सांगते. मालीशवाली बाई येते, बाळाला तेल चोळते, कढत पाण्याने न्हाऊ घालते, धुरी देते, घट्ट बांधते. बाळ असं गाढ झोपतं की चार-चार तास उठत नाही, आणि घरच्यांना वाटतं पोट भरलंय. न्हाऊ घालू नको असं मी म्हणत नाही. न्हाणीआधी पाज, पाणी कोमट ठेव, धुरी बंद कर, आणि तीन तास झाले की उठव. लंगोट बदल, तळव्याला गुदगुल्या कर, उठेल. मालीशवालीने बाळाची छाती पिळायला सुरुवात केली तर मात्र तिथल्या तिथे हात धर. त्यातून पू झालेली बाळं पाहिली आहेत.

आता डबा. १९९२च्या कायद्याने डब्याच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुना देता येत नाही. पण चांगल्या हेतूने हातात ठेवलेल्या डब्याला कोण अडवणार? पहिले दोन दिवस चीक चमचा-चमचाच येतो आणि बाळाला तेवढाच लागतो. सिझेरियननंतर भरपूर दूध यायला तिसऱ्या-चौथ्या दिवसाऐवजी पाचवा उजाडू शकतो. तुझ्या बाबतीत तेव्हा डबा खरंच लागला का नाही, हे आता उकरू नको.

तो एकदम बंदही करू नकोस. बाळ उपाशी राहिलं तर चोखायची ताकदच जाते. आधी बाटली बंद कर, डबा नाही. बाटलीतून दूध आपोआप तोंडात पडतं. त्याची सवय लागलेलं बाळ छातीशी पान्हा यायच्या आधीच्या एका मिनिटात वैतागतं आणि सगळे म्हणतात ‘बघा, दूध नाही म्हणून रडतंय’. वरचं दूध वाटी-चमच्याने दे, किंवा घरात आजीचं चांदीचं बोंडलं असेल तर ते काढ, रोज उकळून घे. आधी दोन्ही बाजू पाजायच्या, मगच वरचं. चार दिवस १८० वरच राहा, पकड आणि वेळा सुधार. मग लघवी सहाच्या खाली गेली नाही आणि वजन वाढलं, तर दर दोन-तीन दिवसांनी दिवसाच्या एकूण मापातून ३० मिलि कमी कर. १८०, १५०, १२०. वजन घसरलं तर एक पायरी मागे. डबा पुरवायला त्यात पाणी वाढवायचं नाही, चमच्याचं माप डब्यावर आहे तेच. गाईचं पाणी घातलेलं दूध तर नकोच. मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, गुटी, उन्हाळा आहे म्हणून पाणी, यातलं काहीच सहा महिने नको, मध तर वर्षभर नको. एवढ्याशा पोटात चमचाभर गुटी गेली तर तेवढी भूक मेली, आणि मधातून तान्ह्या बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

पंप आणलाच आहेस तर त्याला मोजायच्या नाही, मागायच्या कामाला लाव. दिवसातून चार-पाच पाजण्यांनंतर दोन्ही बाजू दहा-दहा मिनिटं. शेवटच्या थेंबानंतरही दोन मिनिटं चालू ठेव. काही आलं नाही तरी चालेल. आज मागितलेलं शरीर दोन-चार दिवसांनी देतं. हातानेही काढता येतं आणि सुरुवातीला मला तेच बरं वाटतं: अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे, आधी छातीच्या भिंतीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. बोंडी ओढायची नाही. जे निघेल ते डब्याऐवजी वाटीतून बाळाला. घरात नुसतं ठेवायचं तर चार तास, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही कमी. फ्रिजमध्ये, दारात नाही तर आतल्या बाजूला, चोवीस तास.

आता खाणं. अळीव खा, डिंकाचे लाडू खा, शेपू, मेथी, खारीक, बाजरीची भाकरी सगळं खा. अळिवात लोह आहे, बाजरीत आहे, बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला ते हवंच. पण अळिवाने पान्हा फुटतो याला भक्कम पुरावा नाही, शतावरीवरचे अभ्यास लहान आहेत, मेथीचेही निष्कर्ष एकसारखे नाहीत. मेथी लाडवापुरती ठीक, औषधासारखी मुठीने खाल्ली तर पोट बिघडतं आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर खाली जाऊ शकते. तुला रोज पाचएकशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात: दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पेलाभर दूध. ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हे ऐकू नकोस, तहान लागेल तेवढं पी. तहान नसताना ढोसल्याने दूध वाढत नाही. आईला म्हणावं खीर कर, पण ती मी बाळाला पाजत असताना मला भरव.

एक विचारते, उत्तर मला नको, तुझं तू बघ. मिश्री लावतेस का? आपल्या भागात शिकल्यासवरलेल्या बायकाही लावतात आणि डॉक्टरांपाशी बोलत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटिनने प्रोलॅक्टिन कमी होतं, दूध घटतं, आणि तो दुधातून बाळात जातो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही, ज्यात स्यूडोएफेड्रिन असतं, दूध उतरतं. पाळणा लांबवायला माला-एनसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या पहिले सहा महिने नकोत. तांबी किंवा ‘छाया’ ही इस्ट्रोजेन नसलेली गोळी चालते. दूध वाढवायच्या गोळीची चौकशी तू करशीलच. डॉम्पेरिडोन नावाची आहे, प्रोलॅक्टिन वाढवते, पण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. डॉक्टरांनी तपासून दिली तरच. आणि छाती रिकामी होत नसेल तर तीही पाण्यात.

हे सगळं आठ-दहा दिवस मनापासून करून फरक पडला नाही तर तपासणी करून घे. थायरॉइड, हिमोग्लोबिन. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता का? अजून लालभडक जातंय का? वारेचा तुकडा आत राहिला तर शरीर पुरतं दुधाकडे वळत नाही. पीसीओडी होतं का, गरोदरपणात छाती वाढली होती का, छातीची कधी शस्त्रक्रिया झाली का, हेही डॉक्टरांना सांग. बाळाची जीभ बाहेर येते का ते पाहायला सांग, जिभेखालचा पडदा आखूड असेल तर पकड बसत नाही. काही थोड्या जणींना सगळं करूनही पूर्ण दूध येत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला आलं नाही. तिने अर्धं अंगावरचं, अर्धं वरचं असं वर्ष काढलं. त्या अर्ध्यानेही बाळाला पुष्कळ मिळालं.

यातलं काही दिसलं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ: चोवीस तासांत सहापेक्षा कमी लघवी किंवा ती गडद, विटकरी; बाळ उठवूनही उठत नाही, चोखत नाही; टाळू खोल गेलेली; ताप, अंग गार पडणं; डोळे-तळवे पिवळे. आणि तुला छातीत लाल, दुखरा पट्टा येऊन थंडी-ताप आला, तर डॉक्टरांकडे जा, पण त्या बाजूने पाजणं थांबवू नकोस. रोज रडू येतंय, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तेही सांगायचं दुखणं आहे, दुधाइतकंच.

सासूबाईंना हे वाचून दाखव, म्हशीचं विशेषतः. शत्रू समजू नकोस त्यांना. बाळ रडलं की हातात काहीतरी करायला हवं असतं माणसाला, आणि बाटली पटकन हाताला लागते. त्यांना दुसरं काम दे: पाठ चोळायचं, पाजून झालेल्या बाळाला खांद्यावर घ्यायचं, लंगोटांची वही लिहायचं.

बाळ २८ दिवसांचं झालं की आशाताई ठरलेल्या भेटीला येतील. वजन त्यांच्याच काट्यावर कर, उघड्या अंगाने, पाजायच्या आधी. दवाखान्याचा काटा आणि त्यांचा काटा यांची तुलना करू नकोस, शंभर ग्रॅमचा फरक तिथेच पडतो. एकविसाव्या दिवशी ३ किलो होतं. सात दिवसांत १४० ग्रॅम किंवा जास्त भरलं आणि वहीत रोज सहाच्या वर लघव्या असल्या, तर त्याच संध्याकाळी पहिले ३० मिलि कमी कर.